आठाचा तीन

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नणंदेचा फोन आला. हॅलो नाही, काय करतेस नाही. एकदम, "वहिनी, तुमच्या त्या पंपावर आकडा चुकीचा दिसू शकतो का?"

"नाही," ती म्हणाली.

प्रश्न विचारायला जेवढा वेळ लागला, त्याच्या निम्मासुद्धा उत्तराला लागला नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"बरं," नणंद म्हणाली. "एवढंच विचारायचं होतं."

"थांबा, थांबा ताई. झालंय काय?"

"व्हायचंय काय? एकोणीस वर्षं दुसऱ्यांना सुया टोचल्या, आज मला टोचतायत." पलीकडे कुठेतरी ट्रॉलीची चाकं खडखडत गेली. नणंदेचा आवाज खाली आला. "काल दुपारी सहा नंबरच्या खाटेवर डॉक्टरांनी तेवीस लिहिलं होतं. मी तेवीस लावलं. बघितलं, वहीत लिहिलं, पुढच्या खाटेकडे गेले. चाळीस मिनिटांनी पेशंटचं ब्लडप्रेशर ढासळलं. पंपाच्या नोंदीत निघालं अठ्ठावीस."

"पेशंट?"

"वाचला. आज सकाळी मुलीशी बोलला. पण माझं काय? चार वाजता चौकशी आहे. तोवर वॉर्डात पाय ठेवायचा नाही असं लेखी दिलंय. मशीन खोटं बोलत नाही म्हणतात. म्हणजे मी बोलते. शब्द टाकायला फोन केलेला नाही हं. कुणाकडे माझं नाव घेऊ नकोस. फक्त विचारलं. तू नाही म्हणालीस, मग नाही."

फोन बंद झाला.

वहिनी औषधाचे पंप बनवणाऱ्या कंपनीत काम करायची. रोग्याच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारं, चपलांच्या खोक्याएवढं यंत्र. त्यावर औषधाचा वेग दाखवणारा, हाताच्या पंजाएवढा काळा-पांढरा पडदा. आतली ऑपरेटिंग सिस्टिम जे चित्र तयार करते, ते त्या पडद्याच्या काचेवर उमटवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात, आणि तो तिने लिहिला होता. ऑफिसात तिचं नावच ड्रायव्हरवाली पडलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा तिने घरी कामाचं नाव सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "गिअरची गाडी की बिनगिअरची?" आणि नणंद म्हणाली होती, "आई, हिचं काम दिसत नाही. बिघडलं तरच कळतं." त्यावर सगळे हसले होते. ड्रायव्हरवालीही हसली होती, पण वाक्य डोक्यात राहिलं होतं.

गेल्या वर्षीपर्यंत हा पडदा काळा-पांढरा असूनही ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्यासाठी रंगीत चित्र काढायची. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, मग ड्रायव्हर त्यांतला रंग काढून टाकून काळं की पांढरं एवढं ठरवायचा. मुंगीला हत्तीवर बसवून गल्ली ओलांडायला लावल्यासारखा कारभार. बॅटरी खायचा, पडदा उशिरा बदलायचा. ड्रायव्हरवालीने ऑपरेटिंग सिस्टिमला नवा मोनोक्रोम फॉरमॅट शिकवला. एका ठिपक्याला एकच बिट: शून्य म्हणजे पांढरा, एक म्हणजे काळा. आठ ठिपके मिळून एक बाइट. बॅटरी पावणेदोनपट टिकायला लागली. नवा ड्रायव्हर घातलेले पहिले सहा पंप तीन आठवड्यांपूर्वी चाचणीसाठी एका हॉस्पिटलात गेले. नणंदेच्याच.

फोन ठेवून पाच मिनिटं झाली नसतील, तोच मुकादम तिच्या टेबलाशी आला. तो प्रकल्पप्रमुख होता. दिवसातून चार वेळा सगळ्यांच्या टेबलांवरून फेरी मारायचा, म्हणून मुकादम.

"एक कटकट आलीय," तो म्हणाला. "हॉस्पिटलात कुणा नर्सने आकडा चुकीचा लावला आणि आता पंपावर ढकलतेय. त्यांना साडेतीनपर्यंत आपलं पत्र पाहिजे. पडदा औषध ढकलणाऱ्या मोटरच्याच मेमरीतला आकडा दाखवतो, त्यात फरक संभवत नाही, एवढं लिहायचं. मसुदा पाठवलाय. सही तुमची."

"माझी का?"

"ड्रायव्हर तुमचा. देवीची ओटी मी भरू का?" स्वतःच हसला. "नोंदही जोडलीय. स्वच्छ आहे सगळं."

तो गेल्यावर तिने मसुदा उघडला. सहा ओळी होत्या. 'संभवत नाही' हे शब्द ठळक केलेले होते. खाली तिचं पद आणि सहीची रिकामी रेघ.

सही करायला तिची हरकत नव्हती. तास-दीड तासापूर्वी विचारलं असतं, तर वाचता वाचता केलीही असती. पण त्या रेघेवर सही केली की चार वाजता एका बंद खोलीत कुणीतरी ते पत्र वाचणार आणि नणंदेची एकोणीस वर्षं त्याच कागदाखाली जाणार. तिने नोंद उघडली.

नोंद दोन ओळींची होती. दुपारी दोन वाजून चार मिनिटं: आकडा 18. दोन वाजून चार मिनिटं, अकरा सेकंद: दहाची कळ, वर, एकदा, आकडा 28. मग चाळीस मिनिटं काहीच नाही.

आकडा बदलायला पंपाला दोन कळा होत्या. एक दहाचा आकडा बदलणारी, एक एकंचा. अठरावरून तेवीसला जायचं तर दहाची कळ एकदा दाबायची आणि एकंची पाच वेळा खाली. चौकशीवाल्यांनी याचा अर्थ लावला होता: पहिली कळ दाबली, दुसरी विसरली. निष्काळजीपणा.

ड्रायव्हरवालीला नणंदेचा स्वयंपाकघरातला ओटा आठवला. बरण्यांवर तारखा, झाकणांवर तारखा. घरी आलेल्या पाहुण्याने गॅसची शेगडी बंद केली, तर ही उठून पुन्हा एकदा फिरवून बघणार. त्यावरून ड्रायव्हरवालीचा नवरा आपल्या बहिणीला चिडवायचा. पाच वेळा दाबायची कळ ही बाई विसरेल? एखाद वेळ चार दाबेल, सहा दाबेल. पाचही विसरेल?

ती उठून चाचणीच्या बाकाकडे गेली. तिथे एक पंप उघडाच ठेवलेला असायचा. तिने 18 लावले. दहाची कळ एकदा दाबली.

28.

पुन्हा केलं. 28. दहा वेळा केलं, वीस वेळा केलं. हळू दाबून, जोरात दाबून, दोन कळा एकदम दाबून. पडदा एखाद्या गुणी मुलासारखा प्रत्येक वेळी 28 म्हणत राहिला. मग तिने तिची चाचणीचित्रं चालवली: काळे चौकोन, पांढरे चौकोन, बुद्धिबळाचा पट. एकही ठिपका चुकला नाही. नवा फॉरमॅट लिहिताना तिला दोन आठवडे एकच धास्ती होती, की कुठेतरी काळ्याचं पांढरं होईल. ते तिने इतक्या वेळा तपासलं होतं की झोपेतसुद्धा चुकलं नसतं.

घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

तिला बरं वाटायला हवं होतं. पण पडदा बरोबर म्हणजे नणंद चूक. तिने फोन केला.

"ताई, कुठे आहात?"

"वॉर्डाबाहेरच्या बाकावर. जाऊ कुठे? घरी गेले तर म्हणतील, पळाली."

"तुम्ही दहाची कळ एकदाच दाबली?"

"हो."

"अठरावरून?"

"अठरा कुठलं? आधी तेरा दिसत होतं. तेरावर एकदा दाबलं की तेवीस. तेवीस दिसलं. मग कशाला आणखी दाबू?"

"आधी तेरा दिसत होतं?"

"तेच तर कालपासून सांगतेय. पण माझं ऐकतंय कोण. चोर सोडून संन्याशाला सुळी."

सकाळी नणंदेने फक्त तेवीस म्हटलं होतं. तेरा आत्ता आलं. तेराही आणि तेवीसही: दोन्ही वेळा आठाच्या जागी तीन. खोटं बोलणारी बाई एक आकडा बनवते, दोन बनवून त्यांचा मेळ घालत बसत नाही. पडद्यावरचे आकडे इंग्रजी वळणाचे. इंग्रजी 8 ची डावी बाजू पुसली की काय उरतं, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"ताई, डोळे मिटा. पडदा आठवा. डावीकडून उजवीकडे काय काय होतं सांगा."

"डोळे मिटून बसले तर लोक म्हणतील, गेली." तरी ती सांगायला लागली. "वरच्या ओळीत औषधाचं नाव. खाली डाव्या कोपऱ्यात खाटेचा नंबर, चौकटीत. मग मोठे दोन आकडे. मग..."

"खाटेचा नंबर?"

"हो. आम्हीच मागून घेतला होता ना तो. पंप या खाटेचे त्या खाटेला जातात म्हणून."

बाकावरच्या पंपावर खाटेचा नंबर नव्हता.

ड्रायव्हरवाली पडद्याची मांडणी करणाऱ्यांच्या फायली शोधायला बसली. दहा मिनिटांत सापडलं. त्या हॉस्पिटलाने मागितलं म्हणून महिन्यापूर्वी डाव्या कोपऱ्यात खाटेची चौकट घातली होती आणि तिला जागा व्हावी म्हणून मोठे आकडे उजवीकडे सरकवले होते. किती? चार ठिपके.

तिने ती फाइल बाकावरच्या पंपात घातली. पंप बंद करून चालू केला. 18 लावले. हात सुती रुमालाला पुसला. दहाची कळ एकदा दाबली.

23.

ती बराच वेळ तो 3 बघत राहिली. कुठे तुटलेला नव्हता, वेडावाकडा नव्हता. थोडा अरुंद होता, एवढंच. धावपळीच्या वॉर्डात कुणालाही तो खराच वाटला असता.

कारण आता तिला आरशासारखं स्पष्ट दिसत होतं. दहाची कळ दाबली की फक्त डावा आकडा बदलतो, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम सगळा पडदा न काढता तेवढीच चौकट नव्याने काढते. पूर्वी प्रत्येक ठिपका स्वतंत्र होता, चौकट कुठेही सुरू होवो, कुठेही संपो. आता आठ ठिपके एका बाइटात शेजार करून राहतात. चौकट त्या आठ ठिपक्यांच्या मधोमध संपली, तर त्या बाइटातले उरलेले चार ठिपके शेजारच्या आकड्याचे. तिचा ड्रायव्हर त्या चार जागी शून्य भरत होता. शून्य म्हणजे पांढरा. शेजारच्या आठाची डावी बाजू बरोबर तेवढीच: एक ठिपका मोकळा, तीन काळे. डावा आकडा बदलला की उजव्या आठाचा तीन. नणंदेला दिसलेलं तेरा म्हणजे आधीच कुणीतरी 08 वर दहाची कळ दाबून केलेले 18.

आणि तिच्या चाचण्यांत हे कधीच का निघालं नाही, तेही तिला कळलं. साऱ्या जगाचा गोल आकडा दहा. तिच्या धंद्यातल्या माणसांचा आठ. चौकोन काढा म्हटलं की तिचा हात आपोआप आठावर, सोळावर, चौसष्टावर जायचा. तिचा प्रत्येक चौकोन आठाच्या पाढ्यात सुरू होऊन आठाच्या पाढ्यात संपत होता. ती दोन आठवडे फक्त त्याच दारातून आत-बाहेर करत होती जे उघडं होतं.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती बघायला तिला धीर गोळा करावा लागला. ऑफिसात कुणाचंही काम दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नसे. तिचं काम खोडरबरने तपासलं होतं. खोडरबर म्हणजे निवृत्तीला आलेला, दोन चष्मे गळ्यात घालून फिरणारा सहकारी. दुसऱ्यांच्या ओळी खोडण्यात त्याची हयात गेली होती. तिने चार महिन्यांपूर्वीचा तो तपासणीतल्या प्रश्नोत्तरांचा धागा उघडला. चौऱ्याऐंशीव्या ओळीसमोर खोडरबरने विचारलं होतं, 'चौकट आठाच्या मधेच सुरू झाली किंवा संपली तर?'

खाली तिचं उत्तर. 'तसं होत नाही.'

वेळ बघितली तर मधे सहा मिनिटं. म्हणजे विचार करायला सहा मिनिटंही नाहीत. तेवढ्यात तिने चहाही आणला असेल.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वॉर्डात अजून पाच पंप चालू होते.

पत्र नंतर. तिने नणंदेला फोन लावला.

"ताई, नीट ऐका. आकडा चुकीचा दिसतो. तुम्ही बरोबर होता."

पलीकडे कुणीतरी वॉर्डबॉयला हाक मारत गेलं.

"ताई?"

"ऐकतेय."

"आत्ता वॉर्डात पाच पंप चालू आहेत. ज्यावर शेवटी 3 दिसतोय, तो 8 असू शकतो. कुलपाची कळ दाबून पडदा बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. मग सगळा पडदा नव्याने काढला जातो. खरा आकडा दिसेल. औषध थांबत नाही त्याने."

"मला आत जायला बंदी आहे."

"मग कुणाला तरी हाक मारा."

बाक करकरलं. चपलांचा आवाज. काचेवर बोटं वाजली, दार किलकिलं झालं, आणि नणंदेचा वॉर्डातला आवाज लागला, जो घरी कधीच ऐकू यायचा नाही. "ए, इकडे ये. प्रश्न नंतर. पाचही पंपांचे पडदे कुलपाच्या कळीने बंद करून चालू कर. आधी आकडा वाच, मग बंद कर, मग परत वाच. मोठ्याने."

ड्रायव्हरवाली फोन कानाला दाबून उभी होती. दुरून एका तरुण नर्सचा आवाज येत होता. "खाट एक. पंचेचाळीस... पंचेचाळीस. खाट दोन. बारा... बारा. खाट चार. तेहेतीस..." मग मधे जास्तच वेळ गेला. "ताई! अहो ताई, अडतीस झालं!"

"कागदावर किती लिहिलंय?"

"तेहेतीस."

"थांबव. डॉक्टरांना बोलव. पळ." मग फोनमध्ये, अगदी शांत, "मी नंतर बोलते."

ड्रायव्हरवाली मागे वळली, तर मुकादम उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"तुम्ही हॉस्पिटलला परस्पर फोन केलात?"

तिने पंप त्याच्यापुढे सरकवला. 18 लावले. "दाबा."

त्याने दाबलं. 23 बघितलं. पुन्हा दाबलं, 33. पहिल्या झटक्यात तो बिचारा खरोखरच घाबरला. पण मुकादमाचं डोकं मुकादमाचंच. "ठीक आहे. पत्रात लिहू, तपास चालू आहे. पुढच्या आठवड्यात सविस्तर कळवू."

"चौकशी आज चारला आहे."

"ती त्यांची अंतर्गत बाब. आणि फोनवर तुम्ही ताई कुणाला म्हणत होतात?"

"नणंद आहे माझी. तीच ती नर्स."

मुकादमाने खुर्ची ओढली आणि बसला. "अहो, मग संपलंच की! नणंदेच्या चौकशीच्या दिवशी भावजयीला दोष सापडतो. कोण मानेल? उद्या म्हणतील, तुम्हीच घातला."

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं.

"मी मानतो," मागून खोडरबर म्हणाला. तो कधी आला ते दोघांनाही कळलं नव्हतं. त्याने एक चष्मा काढून दुसरा लावला, पंप स्वतःकडे घेतला, नोंदीचा कागद बाजूला ठेवला आणि त्यातल्या कळा त्याच क्रमाने दाबल्या. मग जुना ड्रायव्हर घालून दाबल्या. मग पुन्हा नवा. प्रत्येक वेळी पडद्याचा फोटो काढला. त्यात वीस मिनिटं गेली. "माझी कुणी नणंद नाही," शेवटी म्हणाला. "सही मी पण करतो."

ड्रायव्हरवाली पत्र लिहायला बसली. नवं पत्र अकरा ओळींचं झालं. दोष काय, कधी दिसतो, कसा पडताळायचा, सहाही पंप तूर्त वापरू नयेत. नोंदीतला एकच कळदाब हा निष्काळजीपणा नसून पडद्यावर आधी 13 आणि मग 23 दिसल्याचा परिणाम आहे. नर्स माझी नणंद आहे. म्हणून पडताळणी दुसऱ्या अभियंत्याने स्वतंत्रपणे केली आहे. आणि दहावी ओळ: या शक्यतेबद्दल मला चार महिन्यांपूर्वी लेखी विचारण्यात आलं होतं, मी न तपासता 'तसं होत नाही' असं उत्तर दिलं.

"दहावी काढा," मुकादम म्हणाला. "हात दाखवून अवलक्षण कशाला? दोष मान्य केला ना आपण? पुरे."

"ती नसेल, तर ते विचारतील, चाचणीत कसं निघालं नाही. मग पुढच्या आठवड्यात बघू. मग कुणाची तरी चूक म्हणून तोवर तिचीच." तिने खोडरबरकडे बघितलं. तो चष्मा पुसत होता.

तीन वाजून चोवीस मिनिटं. तिने सही केली, खाली खोडरबरने केली. मुकादमाने कागदाकडे असं बघितलं जसं दुसऱ्याच्या ताटातल्या माशीकडे बघावं, पण पाठवायला त्यानेच नेला.

चारला पाच कमी असताना नणंदेचा फोन आला.

"आत बोलावतायत. सकाळी तू नाही म्हणाली होतीस."

"हो. विचार न करता म्हणाले. चुकलं माझं."

"मी त्यावर विश्वास ठेवला होता. एक वाजेपर्यंत मला वाटायला लागलं होतं की माझेच डोळे गेले. चाळिशी झाली, होतं कधी कधी. स्वतःला समजावत होते मी, वहिनी."

ड्रायव्हरवालीने पत्राची प्रत पुढ्यात ओढली.

"असो. काय सांगू आत?"

"तेरा दिसलं, तेवीस दिसलं. बाकी पत्रात आहे."

नंतरचा तास तिने दुरुस्तीत घालवला. चौकट आठाच्या मधे संपली, तर आधी त्या बाइटातले शेजाऱ्याचे ठिपके वाचून घ्यायचे आणि जसेच्या तसे परत ठेवायचे. नऊ ओळींचं काम. मग तिने चाचणीचे सगळे चौकोन पुसले आणि नवे लिहिले: एकपासून सुरू होणारे, तीनपासून, पाचपासून, अकरा ठिपक्यांचे, तेरा ठिपक्यांचे. एकही गोल आकडा नाही. बाकावरच्या पंपावर 18 चे 28 झाले, 28 चे 38.

पाच वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला. 'पत्र मोठ्याने वाचलं. दहावी ओळ दोनदा. उद्या सकाळची पाळी माझीच आहे. चार नंबरचा पेशंट बरा आहे. रविवारी घरी ये, तुला बघते मी.'

तिने तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. समोरच्या पडद्यावर तिच्या दुरुस्तीखाली खोडरबरचा प्रश्न येऊन पडला होता. 'उजवी बाजू ठीक. चौकट आठाच्या मधे सुरू झाली तर डाव्या बाजूचं काय?'

उत्तराच्या चौकटीत टिमटिमणारी रेघ तिची वाट बघत होती. उत्तर तिला माहीत होतं. निदान माहीत आहे असं वाटत होतं. तिने काही लिहिलं नाही. पंप उचलला आणि बाकाकडे गेली.